बोडीकाठचे आपटे

नवरात्र बसलं की आमच्या लेआऊटमध्ये, या प्लॉट पाडून वसलेल्या वस्तीत, माझी चौकशी वाढते. एरवी गेटसमोरून मान खाली घालून जाणारे लोक थांबतात, गुडघे कसे आहेत विचारतात, मुलगा पुण्याहून कधी येणार विचारतात, आणि निघता निघता सहज आठवल्यासारखं करून म्हणतात, "यंदा आपट्याले पानं चांगली असतीन नाई, काकू?" मी "आहेत" म्हणते. पूर्वी या प्रश्नावर माझा पारा चढायचा. आता चढत नाही. पारा चढायलाही अंगात काहीतरी शिल्लक लागतं.

यंदाही घट बसले त्या दिवसापासून हे सुरू झालं. पाऊस गेल्यासारखा करत होता आणि दुपारी एखादी सर टाकून पुन्हा गायब होत होता. नागपूरच्या या वाडी भागातल्या गोदामांत ट्रक मागे घेतानाचा तो टीं-टीं आवाज दिवसभर कानावर पडतच असतो, पण आश्विनात हवा स्थिर असते म्हणून तो जरा जास्तच जवळून येतो. संध्याकाळी जमिनीतून ऊब वर येते आणि त्याबरोबर घरामागच्या बोडीचा वास येतो. ओला चिखल, कुजणारी पानं, आणि कडेच्या वाळ्याचा पुसट थंड वास. इतरांना तो वास येतो की नाही मला माहीत नाही. मला मात्र तो दरवर्षी उचलून एकाच पावसाळ्यात नेऊन ठेवतो.

त्या वर्षी मी नुकतीच निवृत्त झाले होते. आयुष्यभर टेबलाच्या अलीकडे बसून लोकांचे अर्ज पुढच्या टेबलाकडे सरकवले होते. त्यातून पुढे काही उगवलं का, हे कधी दिसलं नाही. निवृत्तीनंतर दुपारी मागच्या खिडकीत उभी राहायचे आणि समोर तो खड्डा दिसायचा. लेआऊट पडला तेव्हा रस्त्यांसाठी मुरूम तिथूनच काढला होता आणि खड्डा तसाच सोडून दिला होता. पलीकडे गोदामांची लांबलचक भिंत. गोदामांच्या पत्र्यांवर पडणारा सगळा पाऊस त्या भिंतीखालून खड्ड्यात उतरायचा. पावसाळ्यात हिरवट डबकं, उन्हाळ्यात भेगा आणि प्लास्टिकच्या पिशव्या.

त्याला बोडी म्हणायला सुरुवात केली सुशीलानं. सुशीला मेश्राम ही माझी शेजारीण, निवृत्त नर्स, माहेर कुहीकडच्या धानाच्या गावातलं. तिकडे शेताच्या वरच्या अंगाला पाणी अडवून जे लहानसं तळं करतात, त्याला बोडी म्हणतात. कुंपणाशी उभी राहून ती म्हणाली, "खड्डा कायले म्हणतं वं मंदा? बोडी हाये ती. फक्त तिच्याकडे कोणी पाह्यत नाई."

तेव्हा लेआऊटचे अध्यक्ष होते वानखेडे. त्यांना तो खड्डा बुजवून तिथे हॉल बांधायचा होता, म्हणजे लेआऊटमधल्या पोरींची लग्नं धरमपेठेतल्या हॉलमागे न धावता दारातच लागतील. माणूस वाईट नव्हता. आदल्या वर्षी त्यांच्या बायकोला डेंगू झाला होता आणि ती मरता मरता वाचली होती. सभेत सुशीला आणि मी उभ्या राहून म्हणालो, की इथे इथलीच झाडं लावू, पाणी जिवंत करू, मग पक्षी येतील, बेडूक येतील. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "वहिनी, तुमचे बेडूक तुम्हाले लखलाभ. मले माही बायको पाह्यजे."  सुशीला म्हणाली, "एक पावसाळा द्या, भाऊ." त्यांनी दिला. दिवाळीनंतरच्या सभेपर्यंत. डास दिसले का मुरूम पडला समजा, असं बजावून दिला.

एक पावसाळा म्हणजे किती कमी असतो, हे आम्हा दोघींना तेव्हा कळलं नव्हतं.

आधी बेशरम काढायचं होतं. बेशरम हे झुडपाचं नाव आहे, मी ठेवलेलं नाही. फुलं फिकट जांभळी, देखणी, लांबून पाहिलं तर वाटावं कोणी मुद्दाम लावलंय. कुठल्या परक्या मुलखातून आलं कोण जाणे, पण आमच्याकडे प्रत्येक नाल्यात त्याचं राज्य आहे. गुरं तोंड लावत नाहीत, किडा बसत नाही. भर ज्येष्ठात, उन्हानं डोकं भणभणत असताना, आम्ही दोघी साड्या खोचून ते उपटत होतो. चीक हातांना चिकटायचा आणि साबणानं निघायचा नाही. उपटलेल्या काड्यांचा काठावर मोठा ढीग केला आणि कृतार्थ होऊन त्याच्याकडे बघत चहा प्यायलो. पुढच्या दोन-चार सरींनंतर जाऊन पाहते तो त्या ढिगाला नवी पालवी. जी काडी मातीला टेकली तिनं मूळ धरलं होतं. आम्ही बेशरम काढलं नव्हतं, त्याची नर्सरी केली होती. मग पुन्हा सगळं उपटलं आणि सुशीलाच्या गच्चीवर, जिथे पापड-कुरड्या वाळायच्या तिथे, बेशरम वाळत घातलं. "असं वाळवण माह्या सासूनं पाह्यलं असतं तं मले घरात नसतं घेतलं," सुशीला म्हणाली.

मग गाळ. मोकळ्या पाण्यात जीव आपोआप यायला वर्षं लागतात, पण जुन्या बोडीचा गाळ आणून टाकला तर त्यात बिया, अंडी, मुळं सगळं झोपलेलं असतं, ते जागं होतं, असं आमच्या वाचनात आलं होतं. सुशीलाच्या माहेरची बोडी जुनी होती. आम्ही तेलाचे रिकामे डबे घेऊन कुहीला गेलो आणि भरून बसने परत निघालो. कंडक्टरनं डब्यांकडे बोट केलं.

"काय हाये यात, आई?"

"बोडी हाये," सुशीला म्हणाली.

"कायची बोडी?"

"माह्या माहेरची."

त्यानं एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि डबे मागच्या सीटखाली सरकवायला सांगितलं. नागपूर येईपर्यंत एका डब्यातून गोगलगाय बाहेर आली आणि शेजारच्या बाईच्या चपलेकडे निघाली. सुशीलानं ती गुपचूप उचलून पुन्हा डब्यात टाकली. आजही कुणी मला विचारलं की तू खरंच आनंदात कधी होतीस, तर मला त्या बसचा तो धक्के खाणारा मागचा भाग आठवतो.

झाडं लावली ती इथलीच. पाण्याच्या कडेला वाळा आणि लव्हाळा, जरा वर करंज, अर्जुन, कळंब, उंबर. नर्सरीवाला आम्हाला पाम घ्यायचा फार आग्रह करत होता, "शोचं झाड घ्या ना काकू, लोकं थांबून पाह्यतीन." आम्हाला थांबून पाहणारे लोक नको होते. गोदामाच्या विरुद्ध बाजूला जो उंचवटा आहे, त्यावर एका ओळीत आपटे लावले. आपटा इथल्या मुरमाड मातीत मजेत वाढतो, पाणी मागत नाही, म्हणून लावला. त्याची ती दोन पाळ्यांची पानं दोघींनाही आवडायची. दसऱ्याला त्याच पानांचं सोनं वाटतात, ही गोष्ट आम्हाला ठाऊक नव्हती असं कसं म्हणू? जन्मापासून ठाऊक होती. सुशीलाच्या घरी सोनं वाटत नाहीत, पण तिलाही होती. फक्त रोप लावताना ते डोक्यात आलं नाही. रोप म्हणून लावलं तेव्हा ते निव्वळ झाड होतं.

आषाढभर बोडीत चहाच्या रंगाचं पाणी होतं आणि दुसरं काही नव्हतं. वानखेडे रोज सकाळी काठी घेऊन काठावर यायचे आणि पाण्यात वाकून बघायचे. "वळवळ दिसून राह्यली, वहिनी," म्हणायचे. दिसत होतीच. डासांच्या अळ्या आल्या होत्या, त्यांना खाणारं मात्र कोणी आलं नव्हतं. त्या दिवसांत मी फार दमले. कष्टानं माणूस दमतो तसा झोपेनं बराही होतो. हे दमणं वेगळं होतं. प्रत्येकाला तेच तेच समजावायचं, डास म्हणजे काय, पाणी म्हणजे काय, थांबा म्हणजे काय. आमचे हे पेपर बाजूला न करता म्हणायचे, "निवृत्तीनंतर लोक तीर्थयात्रेला जातात."  रात्री पाठ टेकली की खिडकीतून नुसत्या पाण्याचा वास यायचा आणि वाटायचं, मुरूम टाकला तर टाकू दे.

श्रावणात पाणी निवळलं. कसं, कधी, ते आम्हा दोघींना कळलं नाही. एका सकाळी तळाची गवतं दिसायला लागली. गाळातून कुमुदाची गोल पानं वर आली. लाल चतुर आले, पाण्याला शेपटी टेकवत फिरू लागले. बेडकांनी असा काही सूर लावला की पलीकडच्या गल्लीतून तक्रार आली. मग वाळ्यातून एक पाणकोंबडी निघाली, पांढऱ्या पोटाची, आणि तिच्यामागे काळ्या कापसाच्या बोळ्यांसारखी पिल्लं. आम्ही दोघी नालीच्या सिमेंटच्या कठड्यावर बसलो होतो. सुशीलानं माझं मनगट धरलं आणि पिल्लं आत जाईपर्यंत सोडलं नाही. वानखेडेंच्या काठीला वळवळ सापडेनाशी झाली, पण ते तसं कबूल करत नव्हते.

आपटे मात्र तसेच होते. वाढले होते, तरारले होते, एकेक पान नवं कोरं. मी कौतुकानं म्हटलं, बघ, एका पानाला भोक नाही. सुशीला बघत राहिली आणि म्हणाली, "पानाले भोक नाई म्हंजे अजून कोणी जेवाले नाई आलं."

त्यानंतर दसरा आला. नागपुरात या दिवशी दोन गर्द्या असतात. एक बाजारातली, झेंडूची आणि सोन्याची. दुसरी दीक्षाभूमीकडे चाललेली, पांढऱ्या कपड्यांतली, लांबलांबच्या गावांहून आलेली. मेश्रामांचं घर आठवडाभर पाहुण्यांनी भरलेलं होतं आणि त्या दिवशी सुशीला सकाळीच सगळ्यांना घेऊन निघाली होती. मी पुरण वाटत होते. मागच्या बाजूने खूप लोकांचा हसण्या-बोलण्याचा आवाज आला. मला वाटलं, बोडी बघायला आलेत. हात धुऊन, पदर सारखा करून, मी कौतुकानं बाहेर गेले.

उंचवट्यावर आपट्याच्या नुसत्या काड्या उभ्या होत्या. काही मधून मोडल्या होत्या. वाळा तुडवला गेला होता, काठाची ओली माती पाण्यात घसरली होती. आणि सगळे इतके आनंदात होते! हातात फांद्या, बायका नटलेल्या. मला पाहून एकजण ओरडला, "काकू, मार्केटमध्ये कांचनाची पानं आपटा म्हणून विकून राह्यले! हे असली हाये, असली!" कोणी मला धन्यवाद दिले. कोणी म्हणालं, तुम्ही लेआऊटसाठी किती केलं. जे लोक सबंध पावसाळाभर तिकडे फिरकले नव्हते, ते सगळे तिथे होते. त्यांना काय म्हणून रागवायचं होतं मी? सोनं लुटायचा दिवस होता, त्यांनी लुटलं.

संध्याकाळी ते सगळे रीतीप्रमाणे माझ्या घरी आले. पान हातावर ठेवायचे, वाकून नमस्कार करायचे, "सोनं घ्या, सोन्यासारखे राहा." मीही तेच म्हणत होते, प्रत्येकाच्या हातावर बर्फी ठेवत होते, हसत होते. टेबलावर माझ्याच रोपांच्या पानांचा ढीग वाढत होता. कोवळी, गुळगुळीत, एकाही भोकाशिवायची पानं. मला रडायला येत होतं. वानखेडे आले, मोठी डहाळीच घेऊन आले, आणि अभिमानानं म्हणाले, "आपल्याच लेआऊटचं सोनं हाये, वहिनी."

सुशीला परतली तेव्हा तिचे पाय सुजले होते. तरी मी तिला मागे नेलं. ती काठावर मटकन बसली. काड्यांकडे बघता बघता तिला हसू फुटलं, थांबेना. "आपण बी काय बाया हाओ वं मंदा. सोन्याचं झाड लावलं अन् कुलूप नाई लावलं." मग मीही हसले. हसता हसता माझं रडून झालं.

सभेसाठी मी किती तयारी केली होती. विहिरींचं पाणी, पक्षी, डास कमी झाल्याचं सगळं पाठ केलं होतं. वानखेडेंनी विषय काढला. डास नाहीत हे मान्य, म्हणाले, पण हॉल तं पाह्यजे. तेवढ्यात मागून कोणीतरी म्हणालं, "हॉल बांधला का मंग दसऱ्याले सोनं कुठून आणाचं?" एकदम कुजबुज झाली. माना हलल्या. खरंच की, असली आपटा आहे आपल्याकडे. विषय तिथेच मिटला. मला तोंड उघडावंही लागलं नाही. बोडी वाचली, आणि ती पाणकोंबडीसाठी नव्हे, माझ्या-सुशीलाच्या कष्टांसाठी नव्हे, तर पुढच्या वर्षी ओरबाडायला झाड हवं म्हणून वाचली. अशा विजयानं आनंद होतो की माणूस आणखी दमतो, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

तेव्हापासून पुष्कळ पावसाळे गेले. आपटे आता माझ्या डोक्याच्या वर गेले आहेत. दर दसऱ्याला ओरबाडले जातात, पुन्हा फुटतात. सुरुवातीला मी पाट्या लावल्या, एक घर एक डहाळी. नंतर काठी घेऊन उभी राहिले. नंतर नुसतीच उभी राहिले. गणपतीत विसर्जनाला आलेल्यांना परत पाठवायचं, गौरींनंतर निर्माल्य काढायचं, ज्येष्ठात बेशरम उपटायचं. बोडी पूर्ण होत नाही, हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं. घर बांधून होतं, मूल वाढून पुण्याला जातं. बोडीला दरवर्षी पुन्हा पहिल्यापासून माणूस लागतं. मला कंटाळा आलाय, हे मोकळेपणानं सांगते. बाकीचे लोक मला "बोडीवाल्या काकू" म्हणतात आणि भाद्रपदात मला पाहून रस्ता बदलतात, याचाही कंटाळा आलाय.

यंदा पुन्हा एक टूम निघाली आहे. लेआऊटमध्ये नवी तरुण कुटुंबं आली आहेत. बोडीच्या चारी बाजूंनी सिमेंटची भिंत, भोवती गट्टू, म्हणजे सिमेंटचे ठोकळे, टाकून फिरायचा रस्ता, आणि उंचवट्यावर, म्हणजे आपट्यांच्या जागी, व्यायामाची यंत्रं. कोणी बुजवा म्हणत नाही. "सुंदर करा" म्हणतात. भिंत घातली की बेडूक चढणार नाही, वाळा उरणार नाही, आणि एक दिवस तो स्वच्छ हौद होईल. दिवाळीनंतरच्या सभेत ठरणार आहे. मी सुशीलाला सांगून टाकलं, या वेळी मी सभेला येणार नाही. पुन्हा उभं राहून तेच तेच सांगायची ताकद नाही. ती मेथी निवडत होती. निवडतच राहिली.

परवा दसरा झाला. मी सकाळी मागे गेले नाही, खिडकीही उघडली नाही. संध्याकाळी लोक आले, पानांचा ढीग झाला, बर्फी संपली. सगळ्यात शेवटी वानखेडे आले. ते आता अध्यक्ष नाहीत, काठी आहे पण ती चालायला आहे. खुर्चीत बसून त्यांनी खिशातून रुमाल काढला, त्यात जपून ठेवलेलं पान काढलं, माझ्या हातावर ठेवायला गेले आणि थांबले.

"अरेच्च्या. किडकं निघालं, वहिनी. डोळ्यानं दिसलं नाई. थांबा, दुसरं देतो."

मी पान त्यांच्या हातातून घेतलं. एका पाळीला कडेनं सुरेख खाल्लेलं होतं, कात्रीनं कापावं तसं. मध्ये दोन-तीन भोकं. आणि पानाच्या मधल्या शिरेवर, पानाच्याच हिरव्या रंगाची एक बारीकशी अळी, रुमालाच्या घडीतून, खिशातून, एवढ्या माणसांच्या गर्दीतून आलेली, अजून घट्ट धरून बसलेली. मी चष्मा लावला. तिनं डोकं उचललं, इकडेतिकडे फिरवलं, आणि पुन्हा खायला लागली.

"दुसरं नको, भाऊ," मी म्हटलं. "हेच ठेवते."

वानखेडे गेल्यावर मी उठले. मग चपला शोधल्या. गुडघे कुरकुरले, त्यांना कुरकुरू दिलं. पान तळहातावर आडवं धरून गेटबाहेर पडले. सुशीला तिच्या ओसरीवर पांढऱ्या साडीत बसली होती. आता तिच्यानं गर्दीत जाववत नाही, पाहुण्यांना रवाना करून ती घरीच थांबली होती.

"काहून वं मंदा, आता या वक्ताले कुठं निघाली?"

"सोनं परत कराले."

मी तळहात तिच्यासमोर धरला. तिनं वाकून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.  खांब धरून उठली, पायानं चपला चाचपल्या आणि माझ्याबरोबर चालू लागली. वळणापर्यंत आलो तेव्हा तिनं विचारलं, "मंग सभेत येशीन ना?"

"पहिले हिले झाडावर ठेवू दे," मी म्हटलं, "मंग सांगतो."